हौसाआत्या आणि मुद्देमालातला मेंढा

हौसाआत्या मेंढरं कधी मोजत नसे. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरायला लागला की ती तोंडाशी काठी टेकून उभी राहायची आणि नुसती बघायची. मी एकदा विचारलं, "आत्या, न मोजता कमी-जास्त कसं कळतं गं?"

"मोजून आकडा कळंल," ती म्हणाली. "कोण न्हाई ते कसं कळंल?"

कळपाचा आकडा परक्याला सांगायचाही नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. सांगितला की दृष्ट लागते म्हणतात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "हाईत की चार." खरा आकडा मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी मी तो इथं लिहिला असता असं वाटत नाही.

आत्या माझ्या वडिलांची चुलतबहीण. आमची वाडी माणदेशात, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. दिवाळी झाली की आत्या आणि मामा, म्हणजे तिचा नवरा, कळप घेऊन कडेगावकडच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचे. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला आणि रानातला पाला मेंढरांना, असा तो व्यवहार. मामा फारसे बोलायचे नाहीत. त्यांच्या वाटणीचं आत्याच बोलायची. मी वाडीतून कॉलेजला आलेली पहिलीच मुलगी, त्याच बाजूच्या एका गावी होस्टेलला राहायचे. त्या गावाचं आणि तिथल्या पोलीस ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. आत्यालाही ते आवडणार नाही. ती म्हणेल, माणसांची नावं कशाला घालायची, त्यांनाबी घरदार हाय.

बाजाराच्या दिवशी ती होस्टेलच्या फाटकाशी यायची. हिरवं नऊवारी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वॉचमनला सांगायची, "आमच्या संगीला हाक मार. शिकाय आल्या ती." पहिल्या वर्षी मला लाज वाटायची. हे लिहायला अवघड जातंय, पण खरं आहे. मी तिला फाटकापासून लांब, झेरॉक्सच्या दुकानामागं घेऊन जायचे. तिला ते कळत असणार. पण ती तिथं दगडावर बसायची आणि म्हणायची, "ह्या बाजूला सावली बरी हाय."

मेंढरांना ती नातेवाइकांची नावं ठेवायची, पण ज्यांच्याशी भांडण चालू असेल त्यांचीच. भांडण मिटलं की नाव बदलायचं. माझ्या आईच्या नावाची मेंढी दोन वर्षं टिकली. याला अपवाद एकच होता, कळपाचा मेंढा हिंदुराव. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा आत्यानं त्याला घोंगडीत घालून, बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, आणि चालणं असं की रस्त्यानं दुचाकीवाले आपोआप बाजूला व्हायचे. कळपातली सगळी कोकरं त्याचीच.

माझ्या दुसऱ्या वर्षात, थंडीच्या दिवसांत, बाजार नसताना आत्या फाटकाशी आली. हातात वीतभर दोरी होती.

"हिंदुराव नेला," ती म्हणाली. "खुंटाला एवढीच ऱ्हायल्या. चल, तुला लिवाय येतंय."

मी तोवर पोलीस ठाण्याची पायरी चढले नव्हते. वहीतली दोन कोरी पानं फाडली आणि चांगल्यात चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. 'माननीय पोलीस निरीक्षक साहेब यांचे सेवेशी' इथपासून 'डाव्या कानाचे टोकास उभी चीर, हीच आमचे घराण्याची खूण' इथपर्यंत. तो अर्ज मला त्या वेळी फार चांगला जमल्यासारखा वाटला होता.

ठाण्यात घोलप हवालदार बसले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "रान कुठल्या हद्दीत येतंय?"

आत्यानं खरं ते सांगितलं. रान ओढ्याच्या काठावर. ओढ्याच्या अलीकडं सांगली जिल्हा, पलीकडं सातारा. खुंट अलीकडं, पण दोरी लांब, कारण हिंदुरावाला पलीकडच्या काठाचं गवत आवडायचं.

"मग मेंढा साताऱ्यातनं गेलाय," घोलप म्हणाले आणि अर्ज परत दिला.

साताऱ्याकडच्या चौकीत त्यांनी खुंट कुठं आहे ते विचारलं आणि आम्हाला परत सांगलीकडं पाठवलं. असे दोन दिवस गेले. माझी चार लेक्चरं बुडाली. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचा एकेक पोलीस ओढ्यावर आला. ओढा कोरडाच होता. घोलप अलीकडच्या काठावर, साताऱ्याचा शिपाई पलीकडच्या काठावर, आणि आम्ही मधे वाळूत.

"चोरीच्या टायमाला मेंढ्याचं तोंड कुठं होतं?" घोलपांनी विचारलं.

"आवं साहेब, मी जागी असते तर मेंढा गेला असता व्हय?"

"तोंड साताऱ्यात असंल," पलीकडचा म्हणाला, "पण मागचा भाग सांगलीत हुता न्हवं? मग तुमचाच."

"गुन्हा तोंडाकडनं धरायचा असतोय."

"कुठल्या पुस्तकात हाय?"

आत्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मी त्येला दोन तुकडं करून बांधला नव्हता," ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून ती वीतभर दोरी काढली, खुंटाला पहिल्यासारखी बांधली आणि कापलेल्या टोकावर बोट ठेवलं. "मेंढा कुठंबी असूंदे. सुरी हितं चालल्या. म्हंजे चोर हितं उभा हुता. आता ही कुणाची हद्द हाय ते बघा."

साताऱ्याच्या शिपायानं तिला हात जोडले आणि लगेच गाडीला किक मारली. घोलप बराच वेळ त्या टोकाकडं बघत राहिले.

ठाण्यात आल्यावर त्यांनी 'चोरीस गेला'ऐवजी 'गहाळ झाला' असं लिहायला घेतलं. गहाळ लिहिलं की लगेच दाखला मिळतो, चोरी लिहिली की तपास करावा लागतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आमच्या सोयीसाठीच सांगत होते.

"चरत चरत गेला असंल कुठंतरी, आत्याबाई."

"दोरी दातानं कापून?"

"जनावर हाय."

"बरं," आत्या म्हणाली. "मग त्येच्या नावानं गुन्हा लिवा. पर चोरी लिवा. धनगराचं मेंढरू हरवत न्हाई. ज्येचं हरवतंय त्येला कोण रानात बसवून घेत न्हाई."

ती काठी आडवी ठेवून ठाण्याच्या दारातच बसली. दुपारी घोलपांनी चोरी लिहिली.

"एकूण जनावरं किती?"

"हाईत की चार."

मी खाली बघितलं. घोलपांनी 'चार' लिहिलं.

"मेंढ्याचं नाव अर्जात कशाला घातलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, ओळखायला सोपं जाईल म्हणून. त्यांनी पेनानं ते नाव खोडलं, दोनदा, नीट. त्यांच्या वडिलांचं नाव हिंदुराव होतं, हे मला नंतर ठाण्यासमोरच्या चहावाल्याकडून कळलं.

निघताना त्यांनी सल्ला दिला, "लोणंदच्या बाजारात बघा एकदा. तिथं दिसला की आमाला फोन करा."

"मग तुमी काय करणार?"

"येऊन ताब्यात घेणार."

"म्हंजे हुडकायचा मी," आत्या म्हणाली. पण ती गेली. लोणंदला सलग तीन बाजार गेली. एकेका मेंढ्याच्या तोंडाकडं बघत बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. परत येऊन मला म्हणाली, "लय नाकं बघितली. त्येचं न्हवतं."

नंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी ती आधी ठाण्यात आणि मग माझ्याकडं यायची. ठाण्यात ती भांडायची नाही. बाकावर बसायची, भाकरी सोडायची आणि समोर असेल त्याला अर्धी द्यायची. घोलप दिसले की विचारायची, "काय कळलं का?" ते म्हणायचे, "प्रयत्न चालू हाईत." ती मान हलवायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आत्या, ते काही करत नाहीत. तू कशाला जातेस?" ती म्हणाली, "मी गेले तर त्यास्नी आठवण ऱ्हातीया. न्हाई गेले तर हिंदुराव मला एकटीलाच आठवंल."

दोनेक महिन्यांनी घोलपांचाच फोन आला. मेंढा सापडला. माझा नंबर अर्जावर होता. मी आत्याला निरोप पाठवला आणि ठाण्याकडं पळत गेले. ती माझ्या आधी पोचली होती. एवढं अंतर ती कशी आली असेल, मला अजून कळत नाही.

लिंबाच्या झाडाखाली, जप्त केलेल्या गंजक्या दुचाक्यांच्या मधे, एक मेंढा बांधला होता. पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा. नाक्यावर एक टेम्पोवाला गाडी सोडून पळाला होता, तिच्यात हा सापडला, असं घोलपांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ठाण्याची तपासणी होती. वरचे अधिकारी येणार होते, आणि बाकी राहिलेल्या गुन्ह्यांची यादी घोलपांच्या टेबलावर होती.

आत्या लांबूनच थांबली. तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"जवळनं तरी बघा. कान बघा. अर्जाप्रमाणं खूण हाय."

आत्या जवळ गेली. मेंढ्याच्या कानाला खरंच चीर होती. तिच्या कडेला रक्त सुकलं होतं आणि माश्या बसल्या होत्या.

"ही परवाची हाय," आत्या म्हणाली.

तिनं माश्या हाकलल्या.

"आन् उजव्या कानाला हाय."

"डाव्याच की!" घोलप पुढं आले. मेंढ्याच्या समोर उभं राहून त्यांनी आपला डावा हात पुढं केला. "ही बघा. सरळ डावी बाजू."

"ही तुमची डावी झाली, साहेब. त्येची उजवी."

घोलपांनी मेंढ्याकडं पाठ केली, हात बघितला, पुन्हा वळले. त्यांचं तोंड उतरलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला दुसरीच गोष्ट डाचत होती. ती खूण अर्जात मीच लिहिली होती, चांगल्यात चांगल्या अक्षरात. मी तिथंच रडायला लागले.

आत्यानं चहावाल्याकडून चिमूटभर हळद मागून आणली, मेंढ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाला लावली. "लागलं न्हवं बाळा," असं ती बोलत होती. घोलपांना वाटलं, जमलं. ते कागद घेऊन खाली उकिडवे बसले.

"न्या की, आत्याबाई. मेंढ्याला मेंढा मिळाला. हितं अंगठा करा, केस मिटंल."

"मिटली की हिंदुरावाला कोण हुडकंल?"

"आत्ता तरी कोण..." घोलप बोलता बोलता थांबले.

"आन् ह्येचा मालक कुठंतरी असाच बाकावर बसला असंल," आत्या म्हणाली. "त्येला काय सांगू? तुझा मेंढा माझ्या कागदावर गेला?"

तिनं अंगठा केला नाही. मेंढा मुद्देमाल म्हणून ठाण्यातच राहिला. त्याला चारा कोण घालणार, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. पहिले दोन दिवस त्यानं ठाण्यापुढची शेवंती खाल्ली. मग आत्या रोज यायला लागली, डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन. म्हणजे चोरी तिच्याकडं झाली होती आणि पोलिसांचं जनावर ती जगवत होती. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "त्या मुक्यानं काय केलंय?"

तपासणीला तीन दिवस उरले तेव्हा ठाण्याचे साहेब रजेवरून परत आले. तरुण होते. त्यांनी आत्याला आत बोलावलं. मीही कडेला उभी राहिले.

"आजी, माझ्याकडं लोक वस्तू आपली आहे म्हणून भांडत येतात," ते म्हणाले. "आपली नाही म्हणून भांडणारं कुणी आजवर आलं नाही. तुमचा नाही, हे कशावरून?"

"नाकावरनं."

"नाक पुराव्यात धरत नाहीत."

"मग मला इचारू नगा," आत्या म्हणाली. "मेंढरांस्नी इचारा. हिंदुराव असंल तर बघा कशी अंगावर पडत्यात."

साहेब हसले. बहुतेक दिवसभरात पहिल्यांदाच हसले असावेत. "किती आहेत मेंढरं?"

घोलपांनी फाईल उघडली. "चार, सर."

"आणा मग उद्या सकाळी. ओळखपरेडच करू."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आकडा सांगायचा नाही ही रीत, आणि साहेबांपुढं बोलायची मला भीती. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुढं आणि आत्या मागं, असा अख्खा कळप ठाण्याच्या फाटकातून आत आला. येतच राहिला. पहिल्यांदा अंगण भरलं, मग गाड्यांच्या मधली जागा, मग व्हरांडा. दोन कोकरं साहेबांच्या खोलीत गेली. घोलप पायरीवर चढून उभे राहिले.

"चार म्हणाला होता!"

"व्हय की," आत्या शांतपणे म्हणाली.

"ही चार हाईत?"

"मोजा हवं तर."

मोजायला कुणी तयार झालं नाही. साहेब दाराशी उभं राहून बघत होते. मेंढरांनी उरलेली शेवंती खाल्ली. एका दुचाकीच्या सीटचं कव्हर खाल्लं. पाण्याच्या टाकीखालचं शेवाळ चाटलं. आणि लिंबाखालच्या मेंढ्याकडं एकीनंही मान वर करून बघितलं नाही. त्याच्या अंगावरून जायचं तर त्याला वळसा घालून गेल्या, जसं आपण बसस्टँडवर अनोळखी माणसाला घालतो. तो बिचारा दोरी ताणून जीपच्या मागं जाऊन उभा राहिला.

साहेबांचं हसू हळूहळू गेलं. ते खाली उतरले, मेंढरांतून वाट काढत त्या मेंढ्यापाशी गेले आणि वाकून त्याचा कान बघितला. मग त्यांनी घोलपांकडं बघितलं. घोलपांनी टोपी काढून हातात घेतली.

"पंचनामा करा," साहेब म्हणाले.

पंच म्हणून चहावाला आणि मी. सरकारी कागदावर ती माझी पहिली सही. घोलपांनी लिहिलेला मजकूर मला अजून पाठ आहे: 'सदर मेंढा फिर्यादीच्या कळपास दाखविला असता कळपाने त्यास ओळखले नाही. कळपाची त्याबाबत काही तक्रार नाही.'

गुन्हा उघडाच राहिला. पण तपासणीच्या दिवशी मेंढा अंगणात दिसायला नको होता, म्हणून साहेबांनी मार्ग काढला. मालक सापडेपर्यंत आत्यानं तो सांभाळायला न्यावा. तसा कागद तयार झाला. आत्यानं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "खाली अजून लिव."

"काय लिहू?"

"ह्यो माझा न्हाई. माझा अजून सापडला न्हाई."

मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लिहा." मी लिहिलं, या वेळी सावकाश. मग आत्यानं त्याच्याखाली अंगठा उठवला.

हिंदुराव त्या हंगामात सापडला नाही. उन्हं तापली, ऊस संपला, आणि कळप माणदेशाकडं परत निघाला. मी होस्टेलमधून रस्त्यापर्यंत निरोप द्यायला गेले. या वेळी फाटकासमोरच उभी राहिले. मैत्रिणींना सांगितलं, ही माझी आत्या.

मामा कळप घेऊन पुढं गेले होते. आत्या सगळ्यांच्या मागं होती आणि तिच्या हातात दोरी होती, दोरीला तो मेंढा. कान बरा झाला होता. अंग भरलं होतं.

"ह्याला नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.

"न्हाई ठिवलं. नाव ठिवलं की आपला हुतोय."

आम्ही थोडं अंतर बरोबर चाललो. समोरून एक कळप आला. आत्यानं त्यातल्या म्हाताऱ्याला थांबवलं. "आवं दादा, ह्यो तुमचा हाय का बघा." म्हाताऱ्यानं मेंढ्याचं तोंड बघितलं, दोन्ही कान बघितले. "न्हाई बाई," म्हणाला आणि पुढं गेला. आत्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"असं कुठवर विचारत जाणार, आत्या?"

"वाडीपातूर. मग फुडल्या साली परत येताना." तिनं दोरी हाताला गुंडाळून घेतली. "हिंदुरावालाबी कुणीतरी असाच धरून इचारत असंल की."

चोरलेल्या मेंढ्यांचं बहुतेक वेळा काय होतं, ते मला माहीत होतं. तिलाही माहीत असणार, माझ्यापेक्षा जास्त. माझी परीक्षा होती, मी तिथूनच मागं वळले.

वळून एकदा बघितलं, तेव्हा लांब वळणावरून आणखी एक कळप येत होता. आत्या थांबली होती. तिनं दोन्ही हातांनी मेंढ्याचं तोंड धरलं होतं आणि ते त्यांच्याकडं वळवत होती, त्यांना नाक नीट दिसावं म्हणून.